एक प्यादे जास्त असूनही डाव बरोबरीत: हा शेवट जिंकता आला असता का?

प्रश्न | चौथा बोर्ड, दादर

नमस्कार. गेल्या रविवारी दादरच्या एका सभागृहात आमच्या क्लबाचा लीगमधील चार बोर्डांचा सामना झाला. मी चौथ्या बोर्डावर पांढरी मोहरी घेऊन खेळत होतो आणि माझा डाव सर्वांत शेवटी संपला. वेळ प्रत्येकी ६० मिनिटे आणि प्रत्येक चालीला ३० सेकंदांची भर अशी होती. पहिले तीन डाव संपले तेव्हा आम्ही २-१ ने पुढे होतो. म्हणजे मला अर्धा गुण मिळाला असता तरी सामना आमचाच होणार होता, आणि झालेही तसेच. तरीही डावाचा शेवटचा भाग मनातून जात नाही, म्हणून येथे मांडतो.

छत्तिसाव्या चालीला माझ्या हत्तीने ए७ वरचे काळे प्यादे मारले. त्यानंतर पटावर दोन्ही बाजूंना एकेक हत्ती, राजाच्या बाजूला तीन-तीन प्यादी आणि माझे ए पट्टीवरचे, म्हणजे पटाच्या कडेच्या उभ्या रांगेतले, एक जास्तीचे प्यादे एवढेच उरले. काळ्याचा हत्ती लगेच ए१ वर, माझ्या प्याद्याच्या पाठीमागे, येऊन बसला. मी राजाच्या बाजूची प्यादी एकेक करून बदलली, कारण माझे मुक्त प्यादे (ज्याला अडवायला समोर काळ्याचे प्यादे नाही असे) दूरच्या टोकाला आहे आणि बाकी पट मोकळा झाला तर माझा राजा तिकडे निर्धोक जाऊ शकेल असा माझा विचार होता. हत्ती ए८ वर नेला आणि ५१ व्या चालीला प्यादे ए६ वर सरकवले. त्या वेळी माझा राजा एफ४ वर होता आणि काळ्याचा जी७ वर.

काळ्याने एफ१ वरून शह दिला, माझा राजा ई५ वर गेला आणि काळ्याचा हत्ती एफ६ वर आला. येथून पुढे मला काहीच करता आले नाही. राजा बी५ ला नेला की एफ५ वरून शह, बी६ ला नेला की एफ६ वरून शह, बी७ ला नेला की एफ७ वरून शह. राजा मागे घेतला की हत्ती परत एफ६ वर, प्याद्यावर नजर ठेवून. ६२ व्या चालीला, माझे घड्याळ चालू असताना, प्रतिस्पर्ध्याने बरोबरीचा प्रस्ताव दिला. मी आमच्या कर्णधारांना विचारले. त्यांनी ‘स्वीकारा’ एवढेच सांगितले आणि मी हात मिळवला. माझ्याकडे चार मिनिटे होती, त्यांच्याकडे सात.

माझे प्रश्न असे: शेवटची स्थिती खरोखरच बरोबरीची होती, की राजाला नेण्याचा एखादा मार्ग मला दिसला नाही? आणि कर्णधारांना असे विचारणे नियमात बसते का? प्रतिस्पर्ध्याच्या संघातील एका सदस्याने नंतर त्यावर नाराजी दाखवली.

उत्तर १ | परळचा हत्ती

स्थिती बरोबरीचीच आहे, आणि हे मत म्हणून सांगत नाही. पटावर दोन राजे, दोन हत्ती आणि एक प्यादे अशी पाचच मोहरी उरली असल्याने टेबलबेस, म्हणजे थोडी मोहरी उरलेल्या सर्व स्थितींचे निकाल संगणकाने मोजून ठेवलेला संग्रह, तिचा अंतिम निकाल देतो. आपल्या प्रतिस्पर्ध्याने जी मांडणी केली तिला व्हान्चुराची स्थिती म्हणतात. जोसेफ व्हान्चुरा हा चेक रचनाकार तरुणपणीच वारला आणि त्याचे हे विश्लेषण १९२४ मध्ये, त्याच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. हत्ती आणि कडेचे प्यादे विरुद्ध हत्ती या शेवटात प्यादे असलेल्या बाजूचा हत्ती प्याद्याच्या पुढे अडकलेला असेल, तर दुसऱ्या बाजूने हाच बचाव करायचा असतो.

तिचे मर्म काळ्या हत्तीच्या जागेत आहे. तो प्याद्याच्या मागे न राहता बाजूने, सहाव्या ओळीवरून, ए६ वर दाब ठेवतो. त्यामुळे आपला हत्ती ए पट्टी सोडू शकत नाही, कारण सोडला की प्यादे जाते. प्याद्याचे रक्षण राजाने करावे आणि हत्तीला मोकळे करावे, म्हणून राजा बी५ किंवा बी६ वर येतो. पण तेथे पोहोचताच काळ्याला एफ पट्टीवरून शह देण्याइतके अंतर मिळते. हत्ती आणि आपला राजा यांच्यात तीन घरे मोकळी राहतात, त्यामुळे शह देणाऱ्या हत्तीच्या अंगावर राजाला चालून जाता येत नाही आणि शहापासून लपायला आडोसाही मिळत नाही. राजा हत्तीच्या दिशेने निघाला तर तो प्याद्यापासून दूर जातो आणि काळा पुन्हा सहाव्या ओळीवर येतो.

मग प्यादे ए७ वर का ढकलू नये, असे आपण विचाराल. ढकलले की काळा लगेच ए६ वर, प्याद्याच्या पाठीमागे, येतो. आपण राजाने त्याला हुसकावले की तो ए१ पर्यंत खाली जातो, आणि आपला राजा बी६ किंवा बी७ ला येताच बी१ वरून शह देतो. आता ए७ हे घरही आपल्याच प्याद्याने अडवलेले असल्यामुळे राजाला लपायला जागा उरत नाही. प्यादे ए६ वर असेपर्यंत निदान ए७ हे घर राजासाठी शिल्लक असते, म्हणून ते ए७ वर न नेण्याचा आपला संयम योग्य होता.

या बचावातला दुसरा भाग काळ्या राजाचा. तो जी७ किंवा एच७ याच दोन घरांत राहिला पाहिजे. समजा तो एफ७ वर असता, तर आपण ए७ खेळलो असतो, काळ्याचा हत्ती ए६ वर आला असता, आणि मग आपला हत्ती एच८ वर! आता काळ्याच्या हत्तीने ए७ चे प्यादे मारले तर एच७ वरून शह देऊन राजामागचा हत्ती आपल्याला मिळतो. मारले नाही तर प्याद्याचा वजीर होतो. राजा जी७ किंवा एच७ वर असताना एच८ वर जाणारा हत्ती सरळ मारला जातो, म्हणून ही युक्ती चालत नाही. आपले प्रतिस्पर्धी हे सर्व जाणून खेळत होते की त्यांच्या हातून आपोआप घडले, हे मला सांगता येणार नाही. पण ए१ वरून आधी एफ१ ला शह आणि मग एफ६ हा क्रम पाहता त्यांना हा बचाव ठाऊक असावा असे वाटते. आधी शह दिल्यामुळे आपल्याला राजा हलवणे भाग पडले आणि हत्तीला आठव्या ओळीवरून हलवण्याची चाल मिळालीच नाही.

उत्तर २ | गिरगावचा जुना खेळाडू

वरील विश्लेषणात भर घालण्यासारखे काही नाही. मात्र या डावाचे उत्तर ५१ व्या चालीनंतर शोधणे मला फारसे उपयोगाचे वाटत नाही. खरा प्रश्न ३६ व्या आणि ५० व्या चालीच्या मधल्या भागाचा आहे.

हत्ती मुक्त प्याद्याच्या मागे असावा, प्यादे आपले असो वा प्रतिस्पर्ध्याचे, हा जुने जर्मन खेळाडू टाराश यांच्या नावाने सांगितला जाणारा नियम सर्वांनाच पाठ असतो. आपल्या डावात ए७ चे प्यादे मारल्याबरोबर आपला हत्ती प्याद्याच्या पुढे आला आणि मागची जागा काळ्याने घेतली. प्यादे मारणे चूक नव्हते. ते मारले नसते तर जिंकण्याचा प्रयत्न तरी कशाच्या आधारावर केला असता? परंतु मारल्यानंतर हत्ती पुढेच ठेवून प्यादे रेटत राहणे हा एकमेव मार्ग नव्हता. प्यादे ए४ किंवा ए५ वर असताना हत्तीला बाजूला आणून, म्हणजे बी पट्टीवरून, त्याचे रक्षण करता आले असते. तशा मांडणीत हत्ती आठव्या ओळीवर कोंडला जात नाही, व्हान्चुराच्या बचावाला पकड मिळत नाही आणि काळ्या हत्तीचे उभे शह अडवायला आपला हत्ती उपलब्ध राहतो. तेथे विजय निश्चित होता असा माझा दावा नाही. काळ्याला अधिक वेळा अचूक निर्णय घ्यावे लागले असते, एवढेच.

राजाच्या बाजूची सहाही प्यादी बदलून टाकण्यामागचा आपला विचार मला पटला नाही. एक प्यादे जास्त असलेल्याने मोहरी बदलावीत, प्यादी बदलू नयेत, हा धडा आम्हाला फार लवकर मिळाला होता. आपल्या डावात बदलण्याजोगी मोहरी उरली नव्हती हे खरे, पण म्हणून प्यादी बदलायची असे होत नाही. ती पटावर असती तर काळ्याला दोन ठिकाणी लक्ष ठेवावे लागले असते. आपला राजा ए पट्टीकडे गेल्यावर त्याने आपली प्यादी खाल्ली असती ही भीती रास्त आहे, पण ती शर्यत कोण जिंकते हे मोजून पाहण्याचा प्रश्न होता. सर्व प्यादी गेल्यावर मोजण्यासारखे काही उरलेच नाही.

आमच्या वेळी असे डाव तहकूब होत. ज्याची चाल असेल त्याने ती लिहून पाकिटात बंद करायची, पंचांच्या ताब्यात द्यायची, आणि दोन्ही बाजूंनी रात्रभर पट मांडून बसायचे. चर्नी रोडहून घरी परततानाच चर्चा सुरू होई. ती पद्धत संगणकांमुळे मागे पडली, आणि ते योग्यच झाले. पण हत्तींचे शेवट माझ्या पिढीला ज्या सक्तीने शिकावे लागले ती सक्तीही तिच्याबरोबर गेली. आता शेवटच्या टप्प्यात प्रत्येक चालीला ३० सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात सुचते ते आधीपासून माहीत असलेलेच.

उत्तर ३ | पार्ले पूर्व

मी थोडा वेगळा सूर लावतो. स्थिती बरोबरीची आहे हे मान्य. पण ती बरोबरी राखण्याचे काम काळ्याचे होते आणि आपण त्याला त्या कामातून ६२ व्या चालीलाच मोकळे केले. पांढऱ्याला या स्थितीत हरण्याचा धोका जवळजवळ नाही. मग अजून काही चाली खेळून पाहायला हरकत काय होती?

विशेषतः एक प्रयत्न आपण केलेला दिसत नाही, तो म्हणजे ए७ वरून शह. राजा सी५ वर असताना हत्ती ए८ वरून ए७ ला आणून शह द्यायचा. काळ्याने काय करावे? राजा जी६ वर आला, तर आपण हत्ती पुन्हा ए८ वर नेतो आणि आता धमकी खरी आहे: प्यादे ए७ वर, काळ्याचा हत्ती ए६ वर, जी८ वरून शह आणि पुढच्या चालीला वजीर. म्हणजे काळ्याला तत्काळ जी७ किंवा एच७ वर परतावे लागते. तेवढ्यात त्याने ‘राजा मध्यभागी आणावा’ या सवयीने एफ५ गाठले, तर ए७, हत्ती ए६ आणि एफ८ वरून शह, डाव आपला. शहाला उत्तर म्हणून तो जी८ वर गेला, तर ए८ वरून पुन्हा शह, आणि त्या वेळी एफ७ वर येण्याचा मोह झाला तर परळच्या हत्तीने दाखवलेली एच८ ची युक्ती लागू पडते. काळ्याजवळ प्रत्येक वेळी योग्य चाल आहे, पण काही वेळा राजाला निर्धोक अशी दोनच घरे आहेत, आणि सात मिनिटे उरलेल्या थकलेल्या खेळाडूला ती दर वेळी सापडतीलच असे नाही.

पन्नास चालींच्या नियमानेही (दोघांच्या पन्नास चालींत एकही प्यादे हलले नाही आणि काही मारले गेले नाही तर बरोबरी मागता येते) आपल्याला भरपूर अवकाश होता. शेवटची प्याद्याची चाल ५१ वी होती. म्हणजे काळ्याला त्या नियमाखाली बरोबरी मागण्यासाठी शंभराव्या चालीच्या पुढे जावे लागले असते. दोघांच्या ३० सेकंदांचा हिशेब केला तरी तासाभराच्या आत सर्व आटोपले असते.

उत्तर ४ | पंचांच्या टेबलावरून

नियमांविषयीच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण त्याविषयी क्लबांमध्ये बरेच गैरसमज आढळतात.

सांघिक स्पर्धेत खेळाडूने बरोबरीच्या प्रस्तावाबाबत आपल्या कर्णधाराला विचारणे, स्पर्धेच्या नियमावलीत त्यावर बंदी नसेल तर, फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, मार्गदर्शनाप्रमाणे चालते. कर्णधार ‘प्रस्ताव द्या’, ‘प्रस्ताव स्वीकारा’ किंवा ‘डाव सोडा’ एवढेच सांगू शकतो. विचारल्यावर ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणू शकतो, अथवा निर्णय खेळाडूवर सोपवू शकतो. पटावरील स्थितीविषयी त्याने एक शब्दही उच्चारता कामा नये, आणि बोलण्यापूर्वी पट निरखत उभे राहणेही टाळावे. आपल्या कर्णधारांचा एक शब्द या चौकटीत बसतो. प्रतिस्पर्धी संघाला आक्षेप होता तर तो त्याच वेळी पंचांकडे नोंदवायला हवा होता. डाव संपून दोघांनी गुणपत्रकावर सह्या केल्यानंतरच्या नाराजीला अर्थ उरत नाही.

उलट, प्रस्ताव ज्या वेळी आला त्याबद्दल आपणच तक्रार करू शकला असता. बरोबरीचा प्रस्ताव द्यायची रीत अशी की आपली चाल पटावर करायची, प्रस्ताव द्यायचा आणि मग घड्याळ दाबायचे. प्रतिस्पर्ध्याचे घड्याळ चालू असताना दिलेला प्रस्ताव बाद होत नाही, तो वैधच राहतो. पण विचारात व्यत्यय आणल्याबद्दल पंच समज देऊ शकतात. प्रस्तावाला कोणतीही अट जोडता येत नाही आणि एकदा दिल्यावर तो मागे घेता येत नाही. आपण तोंडाने नाकारला किंवा चाल करण्याच्या हेतूने एखाद्या मोहऱ्याला हात लावला की तो संपतो. म्हणून कर्णधारांना विचारण्यापूर्वी पटावरून हात दूर ठेवावा.

शेवटी, वारंवार येणाऱ्या स्थितीविषयी. तीच स्थिती, त्याच बाजूची चाल असताना आणि तेच पर्याय उपलब्ध असताना, तीन वेळा आली की चाल असलेला खेळाडू बरोबरीचा दावा करू शकतो. त्या तीन वेळा लागोपाठ असण्याची गरज नाही. नुसते शह तीन वेळा दिले म्हणून डाव बरोबरीत सुटत नाही. दावा पंचांकडे करायचा असतो, आणि तिसरी वेळ स्वतःच्या पुढच्या चालीने येणार असेल तर ती चाल पटावर न करता आधी लिहून दाखवावी लागते. दावा चुकीचा ठरला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे मिळतात. पाच वेळा तीच स्थिती आली तर मात्र कोणी काही न मागता डाव बरोबरीत संपतो.

प्रश्नकर्ता | चौथा बोर्ड, दादर

सर्वांचे आभार. पार्ले पूर्व यांच्या मुद्द्याविषयी एक खुलासा करतो. आमच्या लीगमध्ये क्रमवारी आधी सामन्यांच्या गुणांवर ठरते आणि ते समान झाल्यास डावांचे गुण मोजतात. म्हणजे ३-१ आणि २½-१½ यांत फरक आहे, पण तो दुसऱ्या पायरीवरचा. कर्णधारांपुढे सामना पक्का करण्याचा प्रश्न होता. शिवाय सभागृह रात्री आठपर्यंतच आमच्याकडे होते आणि खुर्च्या उचलणारे लोक दारात येऊन उभे होते. ए७ वरून शह देण्याची कल्पना मात्र मला पटावर खरोखरच सुचली नव्हती. परळच्या हत्तीने त्यावर मत द्यावे.

उत्तर ५ | परळचा हत्ती

पार्ले पूर्व यांची युक्ती तपासली. ती अचूक आहे. ए७ ला शह दिल्यानंतर काळ्याने राजा जी६ वर नेला आणि आपण हत्ती ए८ वर परत आणला, तर राजाला जी७ किंवा एच७ वर परतणे किंवा आधी हत्तीने शह देत राहणे एवढेच मार्ग उरतात. राजाची अथवा हत्तीची बाकी कोणतीही वेळकाढू चाल केली की ए७ ने डाव जातो. म्हणून ‘जिंकता आला असता का’ याचे उत्तर नाही असे असले, तरी ‘आणखी विचारता आले असते का’ याचे उत्तर होय असे आहे. गिरगावच्या खेळाडूंचा आक्षेपही मला रास्त वाटतो; प्यादी बदलण्याआधी हत्तीची जागा बदलणे हा विचार अधिक महत्त्वाचा होता.

कर्णधारांच्या निर्णयाला मात्र मी दोष देणार नाही. २-१ असताना अर्धा गुण म्हणजे सामना, आणि पटावर काय आहे हे पाहून सल्ला देण्याची त्यांना मुभाच नव्हती. पुढे खेळायचे होते तर ते आपल्याला स्वतःच, त्यांना न विचारता, ठरवावे लागले असते.

क्लबात ही स्थिती मांडून सराव करायचा असेल तर पांढरा राजा सी५, हत्ती ए८, प्यादे ए६, काळा राजा जी७, हत्ती एफ६, चाल पांढऱ्याची. दोघांना प्रत्येकी पाच मिनिटे द्या, नंतर बाजू बदला, आणि काळ्याकडून खेळणाऱ्याला व्हान्चुराचे नाव आधी सांगू नका.